कतारची कूटनीती: गॅस नसता तर दोह्याला कोणी विचारलं असतं का?

मुळामुठाकाठी
नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात फळ्याशेजारी पश्चिम आशियाचा नकाशा लावला होता. तास संपल्यावर एक मुलगा पुढे आला, कतारवर बोट ठेवलं (देश बोटाखाली पार झाकून गेला) आणि म्हणाला, "मॅडम, सगळी भांडणं मिटवायला लोक इथेच का जातात? यांना पंच कोणी नेमलं?"

तेव्हापासून प्रश्न डोक्यातून जात नाहीये. साडेअकरा हजार चौरस किलोमीटरचा देश, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून जरासा मोठा. लोकसंख्या तीसेक लाख, त्यात मूळ कतारी जेमतेम तीन-साडेतीन लाख. तरी अमेरिका आणि तालिबानचा करार २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात झाला. २००८ मध्ये लेबनॉनमधले गट रस्त्यावर गोळ्या झाडत होते, त्यांचा समझोता दोह्यात. २०२३ मध्ये अमेरिका आणि इराणने कैदी सोडले तेही दोह्यामार्फत. हमासचं राजकीय कार्यालय २०१२ पासून तिथे, आणि अमेरिकेचा त्या भागातला सर्वात मोठा लष्करी तळ अल उदैदही तिथेच.

पैसा आहे म्हणून, हे उत्तर मला अर्धवट वाटतं. पैसा कुवेतकडे होता, लिबियाकडेही होता. माझं मत असं की कतारचं परराष्ट्र धोरण त्याच्या गॅसमधूनच आलंय: तो कुठे सापडला, कोणाबरोबर वाटून घ्यावा लागतो आणि कसा विकावा लागतो. तुम्हाला काय वाटतं? आखातात राहिलेल्यांनी जरूर लिहा.

रोखठोक
ताई, मला हे गुंतागुंतीचं वाटत नाही. खिशात पैसा आणि डोक्यावर अमेरिकेचं छत्र. दोन्ही काढून घ्या, दोह्यात विमानसुद्धा उतरणार नाही.

पेन्शनर_काका
रोखठोक, छत्र आहे हे खरं, पण ते आपोआप मिळालेलं नाही. थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा.

१९३० च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांनी आखातातला मोत्यांचा धंदा बसवला. तोवर कतार, बहरीन, कुवेतचे व्यापारी आपला माल मुंबईत आणून विकत. धंदा बसला तसं कतारमध्ये खायचे वांधे झाले. दुखानला तेल लागलं, पण मध्ये महायुद्ध आलं आणि पहिलं जहाज भरून निघायला १९४९ चा शेवट उजाडला. १९७१ मध्ये शेल कंपनीने समुद्रात विहीर खोदली तर तेलाऐवजी गॅस निघाला. त्या काळी समुद्रातल्या गॅसला गिऱ्हाईकच नव्हतं. आज जो जगातला सर्वात मोठा साठा म्हणून ओळखला जातो, तो वीस वर्षं जवळपास तसाच पडून होता.

१९९५ मध्ये शेख हमद यांनी वडिलांना बाजूला सारून गादी घेतली आणि कर्ज काढून गॅस द्रवरूप करण्याचे कारखाने उभारले. पहिलं जहाज १९९६ च्या शेवटी जपानकडे गेलं. त्याच वर्षी अल जझीरा ही वृत्तवाहिनी सुरू झाली, आणि त्याच सुमारास अल उदैदचा तळ बांधायला घेतला. अमेरिकेला स्वतः तळ बांधून देणारा यजमान कोणाला नको असेल! म्हणजे छत्र आणलं कुठून, तर तेही गॅसच्या भरवशावरच.

अवांतर: दोह्यात १९६६ पर्यंत आपला रुपया चालायचा. रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या होत्या. वडिलांच्या जुन्या पेटीत अशी एक लाल दहाची नोट होती. घर बदलताना ती गहाळ झाली, त्याची हळहळ अजून वाटते.

निळा_डोंगर
काका, +१. अजून लिहा.

दर्यावर्दी_गुहागर
ताईंचा 'कसा विकावा लागतो' हा मुद्दा मला फार पटला. मी अकरा वर्षं एलएनजीच्या, म्हणजे द्रवरूप गॅसच्या, जहाजांवर आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

कच्चं तेल विकणं सोपं. टँकर भरला, वाटेत भाव चांगला आला तर दिशा बदलली, चीनऐवजी कोरियाला उतरवला. गॅसचं तसं नाही. उणे १६२ अंशांपर्यंत थंड करायचा, म्हणजे आकारमान सहाशेपट घटतं, मग खास टाक्यांच्या जहाजात भरायचा आणि समोरच्या बंदरात तो पुन्हा गरम करायचा कारखाना हवा. कतारच्या रास लफान बंदरात लोडिंग चालू असताना जेटीवरचे लोखंडी हात बर्फाने पांढरे होतात. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान, अंगातून घामाच्या धारा, आणि हातभर अंतरावर बर्फ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काम सोडून बघत उभा राहिलो होतो.

दोन्ही टोकांना एवढा खर्च, म्हणून कोणीही वीस-पंचवीस वर्षांच्या कराराशिवाय हात घालत नाही. आपल्या पेट्रोनेट या गॅस आयात करणाऱ्या कंपनीने १९९९ मध्ये कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा पंचवीस वर्षांचा करार केला, तेव्हा गुजरातमधलं दहेजचं टर्मिनल उभंही नव्हतं. ते २००४ ला सुरू झालं. तेलाचं गिऱ्हाईक म्हणजे रस्त्यावरचं, आज आलं उद्या नाही. गॅसचं गिऱ्हाईक म्हणजे सोयरीक. दोन्ही घरांना निभवावी लागते.

२०१५ ला काय झालं आठवा. बाजारात गॅस निम्म्या भावाने मिळू लागला म्हणून आपण कतारकडून ठरल्यापेक्षा कमी माल उचलला. करारानुसार दंड १२,००० कोटींच्या घरात जात होता. कतारने तो माफ केला आणि भावाचं सूत्रही बदलून दिलं. नुसता पैशाचा माज असता तर लवादात खेचलं असतं.

रोखठोक
दंड माफ करण्यात माया नव्हती, त्या वर्षी बाजारात गॅसचा पूर आला होता. गिऱ्हाईक गेलं असतं तर परत मिळालं नसतं.

दर्यावर्दी_गुहागर
अगदी बरोबर, आणि मी तेच म्हणतोय. माया नव्हती, गरज होती, आणि त्या गरजेने त्यांना जुळवून घ्यायला शिकवलं. सवय धंद्यात लागली, ती परराष्ट्र खात्यात उतरली.

सांगोल्याची_सून
मला तेलातलं काही कळत नाही, पण ताईंनी 'वाटून घ्यावा लागतो' म्हटलंय त्यावर लिहायचंय. तो साठा इराणबरोबर सामाईक आहे ना? मग हे आमच्या विहिरीसारखंच झालं.

आमच्या सासऱ्यांची आणि चुलत सासऱ्यांची विहीर बांधावर, आठ-आठ आणे हिस्सा. आमच्याकडे आधी मोटर आली. त्यांच्याकडे कर्ज मंजूर व्हायला सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत पाणी कोणी जास्त उपसलं हे सगळ्या गावाला दिसत होतं. सासूबाईंनी काय केलं असेल? दर सणाला पहिलं ताट तिकडे. त्यांच्या मुलीच्या लग्नात आमच्या घरचे सगळे पंगतीत वाढायला. बाकीची भावकी चुलत सासऱ्यांशी बोलत नव्हती, आमच्याच घरातून जाणं-येणं चालू. मी नवी होते तेव्हा विचारलं, एवढं कशाला? म्हणाल्या, "अगं, पाणी आपण ओढतोय."

मुळामुठाकाठी
सांगोल्याची_सून, अहो, मी पंधरा वर्षं शिकवतेय, पण इतकं स्वच्छ मला सांगता आलं नसतं. तुमच्या परवानगीने उद्या वर्गात सांगते.

आकड्यांत सांगायचं तर साठा एकूण सुमारे ९,७०० चौरस किलोमीटरचा. त्यातले ६,००० कतारच्या बाजूला (नॉर्थ फील्ड), ३,७०० इराणच्या (साउथ पार्स). खाली खडक एकच, वर पाण्यातली रेघ माणसांनी आखलेली. कतारची मोटर १९९१ पासून चालू. इराणची २००२ ला सुरू झाली, आणि निर्बंधांमुळे तिचा वेग कायम कमी राहिला. २००५ मध्ये कतारने आपणहून नवी कामं थांबवली, ती बंदी थेट २०१७ ला उठवली. त्यामागे साठ्याचा अभ्यास हे कारण दिलं होतं. पण शेजाऱ्याच्या डोळ्यावर न येण्यासाठीही ती विश्रांती कामी आली असावी, असं मला वाटतं.

शांभवी७९
सामाईक विहिरीवरून दुसऱ्या घरात काय झालं ते मी पाहिलंय. माझे बाबा कुवेतमध्ये होते. रुमैलाचं तेलक्षेत्र इराक आणि कुवेतच्या सीमेवर. इराकचा आरोप होता की कुवेत तिरप्या विहिरी खणून आमचं तेल चोरतं. त्याचे २.४ अब्ज डॉलर मागितले होते. वर इराण-इराक युद्धाच्या कर्जाचं भांडण होतंच. २ ऑगस्ट १९९० ला पहाटे रणगाडे आले.

आणि कुवेत काही कंजूष नव्हता. १९६१ पासून त्यांचा निधी गरीब देशांना धरणं-रस्त्यांसाठी कर्ज देत होता. तो पैसा वायाही गेला नाही, कारण संयुक्त राष्ट्रांत पहिल्याच दिवशी ठराव झाला आणि जग त्यांच्या बाजूने उभं राहिलं. पण दाराशी जो शेजारी होता, त्याच्याशी मात्र जमलं नाही.

मी अकरा वर्षांची होते. बसने इराक ओलांडून जॉर्डनच्या सीमेवर तंबूत बारा दिवस काढले. आईने पिठाच्या पिशवीत दागिने लपवले होते, आणि त्याच पिठाच्या भाकऱ्या करायची वेळ आली तेव्हा ती अंदाजाने वरवरचंच पीठ काढायची. अम्मानहून एअर इंडियाचं विमान मिळालं. मुंबईत उतरलो तेव्हा सहारला कोणीतरी हातात पाव-केळी दिली, ती चव अजून आठवते. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय असे परत आले. त्याच तेलाच्या भडक्याने पुढच्या वर्षी देशाला सोनं गहाण ठेवावं लागलं. त्यामुळे आखातातलं भांडण आपल्या घरात येत नाही असं मला कोणी सांगू नये.

निळा_डोंगर
शांभवीताई, वाचून गप्प झालो. कधीतरी यावर स्वतंत्र धागा काढा.

वाळूतला_कोकणी
मी २०१४ पासून दोह्यात आहे, मूळ दापोलीचा. ५ जून २०१७ चा दिवस सांगतो. रमजान चालू होता. सकाळी फोन बघतो तर सौदी, यूएई, बहरीन आणि इजिप्तने संबंध तोडलेले. जमिनीवरून बाहेर जायला एकच रस्ता, तो सौदीत जातो. तोच बंद. दुपारपर्यंत सुपरमार्केटमध्ये दुधाचं कपाट मोकळं, कोंबडी नाही, ट्रॉल्यांची रांग दारापर्यंत. बायको मला म्हणाली, पोहे आहेत, डाळ आहे, घाबरू नको.

चारच दिवसांत तुर्की दूध आलं. डब्यावरचं कोणालाच वाचता येईना, ताक समजून दही आणलं आणि दही समजून ताक! मग इराणची भाजी-फळं आली. विमानातून जर्मन गायी आणल्या, त्यांच्या हंबरण्याची क्लिप आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दिवसभर फिरत होती. मुलांनी तर गणपतीत आरासच गायींच्या विमानाची केली होती.

मला सर्वात हायसं वाटलं ते न्हावाशेवा ऐकून. आधी माल दुबईच्या जबल अली बंदरात उतरून मग इकडे यायचा, तो मार्ग बंद झाला. महिन्याच्या आत मुंद्रा आणि न्हावाशेव्याहून थेट हमद बंदराला जहाजं सुरू झाली. पुढच्या खेपेला दुकानात आपल्याकडचा कांदा दिसला, तेव्हा मी गरज नसताना पाच किलो घेतला.

आता ताईंच्या मुद्द्याला पुरावा. कतारहून यूएईला समुद्राखालून गॅसची पाइपलाइन आहे, डॉल्फिन नावाची, २००७ पासून. नाकेबंदी साडेतीन वर्षं चालली. विमानं बंद, बोटी बंद, नवरा एकीकडे बायको दुसरीकडे अशी घरं तुटली. पण पाइपलाइन एक दिवस बंद झाली नाही. कतारने तोडली नाही आणि दुबईनेही नको म्हटलं नाही. दुबईतले एसी कतारच्या गॅसवर चालू होते.

रोखठोक
हा तपशील मला माहीत नव्हता. विचार करायला लावणारा आहे. तरी एक विचारतो. नाकेबंदी करणाऱ्यांनी १३ मागण्या ठेवल्या होत्या: अल जझीरा बंद करा, इराणशी अंतर ठेवा, तुर्की तळ काढा. जानेवारी २०२१ मध्ये सौदीतल्या अल-उलाला समेट झाला, तेव्हा यातली कुठली मान्य केली?

वाळूतला_कोकणी
ठळक अशी एकही नाही. चॅनल चालू, तुर्की तळ जागेवर, आणि इराणशी संबंध उलट आधीपेक्षा बरे.

ओसाड_माळ
मंडळी, चित्र फार गोड होतंय. हा सगळा डोलारा ज्यांच्या घामावर उभा आहे त्यांचं काय? माझा धाकटा भाऊ तिकडे एका ठेकेदाराकडे सुतारकामाला होता. नाव घेत नाही. पासपोर्ट काढून घेतला, चार महिने पगार नाही, आणि नोकरी बदलायची तर त्याच मालकाची परवानगी हवी. वडील वारले तेव्हा त्याला दहाव्यालाही येता आलं नाही. जगाची भांडणं मिटवणाऱ्या देशात सुताराची तक्रार ऐकायला माणूस नव्हता.

वाळूतला_कोकणी
दादा, वाईट वाटलं, आणि तुमचं खोटं नाही. मी असे लोक बघितलेत. २०२० मध्ये मालकाच्या परवानगीची अट कायद्याने काढली, २०२१ पासून किमान वेतन १,००० रियाल केलं. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही. पण हा बदलही फुटबॉल विश्वचषकामुळे जगाच्या नजरा वळल्या म्हणून झाला, हे नोंदवतो. ज्या प्रतिष्ठेसाठी स्पर्धा घेतली तीच त्यांना अडचणीची ठरली आणि त्यातून मजुरांचं थोडं भलं झालं. तुमच्या भावाला उशीरच झाला.

पेन्शनर_काका
ओसाड_माळ यांचा प्रतिसाद या धाग्यात असायलाच हवा होता.

दुसऱ्या टोकाचं एक उदाहरण देतो, व्हेनेझुएला. त्यांनीही तेलातून मैत्र्या केल्या. २००५ मध्ये पेट्रोकॅरिब काढलं, कॅरिबियन बेटांना उधारीवर स्वस्त तेल. क्यूबाला तेल द्यायचं, बदल्यात डॉक्टर घ्यायचे. लंडनच्या बसगाड्यांना डिझेलसाठी सवलत दिली होती, ऐकून खरं वाटणार नाही. २०१४ ला भाव कोसळले, उत्पादन रोडावलं, आणि त्याबरोबर मित्रही पांगले. भावाच्या जोरावर मैत्री करणारा भाव पडला की एकटा पडतो. कतारने मैत्री करारांवर आणि मध्यस्थीवर बांधली, म्हणून ती भावाच्या चढउतारातही टिकते. नॉर्वेचंही तसंच. तेलाचा निधी १९९० मध्ये कायद्याने बाजूला काढला आणि ओस्लोत १९९३ ला इस्रायल आणि पॅलेस्टाइनची बोलणी घडवली.

निळा_डोंगर
अवांतर चालेल का? चित्रकार एम. एफ. हुसेन यांना २०१० मध्ये कतारने नागरिकत्व दिलं होतं. पंढरपुरात जन्मलेला माणूस कतारी म्हणून लंडनमध्ये गेला. हीदेखील एक प्रकारची कूटनीतीच, चित्रकार आपल्याकडे बोलावणं. मला मात्र त्यात आपली हानी जास्त दिसते.

रोखठोक
मूळ विषयावर परत येतो, कारण माझी शंका अजून फिटलेली नाही. २०२५ बघा. जूनमध्ये इराणने अल उदैदवर क्षेपणास्त्रं टाकली. सप्टेंबरमध्ये इस्रायलने दोह्यात हमासच्या नेत्यांवर हल्ला केला, तेही बोलणी चालू असताना. सर्वांशी सोयरीक असूनही तीन महिन्यांत दोन्ही बाजूंकडून मार खाल्ला. मग या धोरणाने मिळवलं काय?

वाळूतला_कोकणी
तुमचा प्रश्न रास्त आहे. जूनच्या त्या रात्री मी गच्चीवर होतो. आकाशात ठिणग्या, मग खिडक्या हलल्या, मुलगी माझ्या पायाला घट्ट बिलगली. सप्टेंबरचा आवाज तर भर दुपारी, शहरातच. तोवर आम्हाला वाटायचं की इथे काही होणार नाही, कारण इथे सगळ्यांचं काम असतं. ती खात्री गेली.

पण जूनचा हल्ला आधी कळवून झाला होता, तळ रिकामा केलेला होता. आणि दुसऱ्याच दिवशी युद्धविराम झाला, त्यात दोह्याच्याच फोनांचा हात होता. मार खाऊनही मध्यस्थी सोडली नाही. सोडणं परवडणारच नाही, असं इथे राहून माझं मत झालंय.

मुळामुठाकाठी
रोखठोक, तुमच्यामुळे मलाही माझं म्हणणं घासून बघावं लागलं. मी आता असं म्हणेन: गॅसने कतारला सुरक्षितता दिली नाही, गरज दिली. म्हणजे इतरांना त्याची गरज पडेल अशी जागा. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू होताच जर्मनीचे हरित पक्षाचे मंत्री गॅससाठी दोह्याला गेले. त्याच वर्षी चीनने २७ वर्षांचा करार केला. ३१ ऑगस्ट २०२१ ला आपल्या राजदूतांनी तालिबानच्या प्रतिनिधीशी पहिली जाहीर भेट घेतली तीही दोह्यात, आणि तो प्रतिनिधी एकेकाळी आपल्या डेहराडूनच्या लष्करी अकादमीत शिकलेला. कोणाला पसंत असो वा नसो, बोलायला जागा लागतेच.

रोखठोक
'गरज' हा शब्द मान्य. 'पंच' हा अजूनही नाही. पंचाला निकाल देता येतो, कतारला फक्त बैठक भरवता येते.

सांगोल्याची_सून
आमच्याकडे जो बैठक भरवतो, चहा-पाणी बघतो आणि दोघांना एका सतरंजीवर बसवतो, त्यालाच लोक पुढच्या वेळी बोलावतात. निकाल कोणाच्या लक्षात राहत नाही.

मुळामुठाकाठी
दर्यावर्दी, शेवटचा प्रश्न, त्याच मुलाने आज विचारला. कतारच्या जहाजांना बाहेर पडायला इराणच्या दारावरूनच जावं लागतं ना? तिथे काय होतं?

दर्यावर्दी_गुहागर
हो, होर्मुझची सामुद्रधुनी. दुसरी वाटच नाही. रास लफान सोडलं की साधारण एका दिवसात तिथे पोचतो. जायचा-यायचा मार्ग ओमानच्या पाण्यात, मुसंदमच्या टोकाजवळून. उजव्या हाताला काळे उघडे डोंगर, डाव्या हाताला धुक्यात इराण. बहुतेक वेळा पहाटे रेडिओवर सोळा नंबरला इराणी नौदलाचा आवाज येतो: जहाजाचं नाव, झेंडा, मागचं बंदर, पुढचं बंदर. आम्ही सांगतो, रास लफान ते दहेज. पलीकडून येतं, धन्यवाद, सुखरूप जा. तणाव असेल तेव्हा हेच उत्तर यायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) कोणी चहाचा घोटसुद्धा घेत नाही. पुढे अडीच दिवसांत दहेज.

त्या मुलाला सांगा, बारावीनंतर मर्चंट नेव्हीचा विचार कर. माहिती हवी असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.